चंद्रफलक: पौर्णिमा नेमकी कधी धरायची? (प्रकल्प नोंदी)

२३ ऑगस्ट २०२५

फलकाचं काम आजपासून. टेबलावर ठेवता येईल असा ४०० बाय ३०० पिक्सेलचा ई-पेपर पडदा, त्यामागे छोटा मायक्रोकंट्रोलर. वरच्या भागात चंद्राची आजची कला, खाली एकच ओळ: पुढची पौर्णिमा कधी. पेटी आणि वायरिंग ताईकडे, गणित आणि चित्र माझ्याकडे. तयार तक्ता कुठून उचलायचा नाही, सगळी आकडेमोड फलकानेच करायची, ही ताईची अट. मलाही ते पटतं. तक्ता संपला की फलक मुका, असं नको.

चित्राची काळजी नाही. अडचण आहे त्या एका ओळीची. पौर्णिमा म्हणताना आपण तीन गोष्टी एकाच शब्दात कोंबतो: एक क्षण, एक रात्र आणि एक तिथी. तिन्हींची उत्तरं वेगळी निघू शकतात आणि तरी तिन्ही बरोबर असतात. ओळीत जागा मात्र एकीलाच.

या वहीत वेळा जागतिक वेळेत (यूटीसी) लिहितोय. दुसरी कुठली असेल तिथे तसं म्हणेन.

२६ ऑगस्ट

आधी व्याख्या. खगोलशास्त्रात पूर्ण चंद्र म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं असता चंद्राचा आणि सूर्याचा भोग यांच्यात बरोब्बर १८० अंशांचं अंतर पडतं तो क्षण. भोग म्हणजे क्रांतिवृत्तावर, सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेवर, मोजलेलं अंतर. हा क्षण सगळ्या जगासाठी एकच. घड्याळं वेगवेगळे आकडे दाखवतात, एवढंच.

या व्याख्येत काय काय नाही ते पाहण्यासारखं आहे. चंद्र किती उजळलेला, हे नाही. तो दिसतोय की क्षितिजाखाली आहे, हेही नाही. रात्र असावी अशीसुद्धा अट नाही. भर दुपारी पौर्णिमा होऊ शकते, होतेही.

तिथीचं गणित याच अंतरावर चालतं. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. पौर्णिमा ही पंधरावी, म्हणजे १६८ अंशांपासून १८० अंशांपर्यंत. थोडक्यात, पंचांगात पौर्णिमेची समाप्ती म्हणून जी वेळ छापलेली असते, तोच खगोलशास्त्रातला पूर्ण चंद्राचा क्षण. सायन-निरयनाचा, म्हणजे भोग कुठल्या बिंदूपासून मोजायचा याचा, वाद इथे आड येत नाही, कारण दोन भोगांची वजाबाकी केली की अयनांश (त्या दोन आरंभबिंदूंतलं अंतर) आपोआप उडून जातो.

गंमत अशी की तिथी सगळीच्या सगळी त्या क्षणाच्या अलीकडे पडते. क्षणानंतर तासाभराने दिसणारा चंद्र डोळ्याला तितकाच गोल, पण तिथी प्रतिपदा. तिथीची लांबीही ठरलेली नाही. चंद्र वेगात असेल तेव्हा ती वीस तासांच्या आसपास आटोपते, संथ असेल तेव्हा सव्वीसच्या पुढे जाते.

३१ ऑगस्ट

गणिताला हात घातला. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एका जुन्या पौर्णिमेपासून सरासरी चांद्रमास मोजत जाणं. सरासरी आकडा २९.५३०५८९ दिवस, म्हणजे २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं आणि वर जवळपास ३ सेकंद. सूर्यसिद्धान्तात एका महायुगाचे १,५७,७९,१७,८२८ सावन दिवस (सूर्योदय ते सूर्योदय) आणि ५,३४,३३,३३६ चांद्रमास दिले आहेत. भागाकार केला तर २९.५३०५८८ येतात. आजच्या आकड्याशी फरक महिन्यामागे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत. हा भागाकार मी प्रकल्पाला गरज नसताना केला. राहवलं नाही.

सरासरी इतकी चोख असूनही तिच्यावर फलक चालत नाही. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, पृथ्वीचीही तशीच, त्यामुळे प्रत्यक्ष क्षण सरासरीपासून अर्ध्या दिवसापर्यंत, क्वचित त्याहून जास्त सरकतो. १० जुलै २०२५ ची पौर्णिमा घेऊन हिशेब मांडला, कारण ती सरासरीपासून बरीच लांब पडली होती.

सरासरीने क्षण आला ११:५८. प्रत्यक्षात पूर्ण चंद्र झाला २०:३७ ला. म्हणजे ८ तास ३९ मिनिटांची तूट. सूत्रातल्या दुरुस्त्या एकेक करून लावल्या. पहिली, चंद्राच्या लंबवर्तुळाची: एकट्या तिनेच ८ तास ५८ मिनिटं वाढवली. दुसरी पृथ्वीच्या लंबवर्तुळाची. ती चार तासांच्या पुढेही जाऊ शकते, पण जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूरच्या बिंदूजवळ असते आणि तिथे ही दुरुस्ती जवळजवळ शून्यावर येते. म्हणून फक्त २३ मिनिटं वजा. तिसरी पुन्हा चंद्राच्या लंबवर्तुळाचीच, पण कोन दुप्पट धरून: अधिक १७ मिनिटं. चौथी चंद्र पातापासून (त्याची वाट क्रांतिवृत्ताला छेदते त्या बिंदूपासून) किती दूर आहे त्याची: वजा १२. बेरीज करून पाहिली तर क्षण मिनिटापर्यंत जुळला. पुढच्या वीसेक पदांतली काही एकेकटी काही मिनिटांची आहेत, पण इथे ती एकमेकांना बहुतेक खोडतात. तीही ठेवणार आहे, मायक्रोकंट्रोलरला त्याचं ओझं नाही.

चार ओळींची बेरीज आणि नऊ तासांचा फरक. ताईला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चंद्र उशिरा आला." बरोबर आहे. अपभूच्या, म्हणजे कक्षेतल्या पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूच्या, बाजूने येत होता, रेंगाळत.

४ सप्टेंबर

किरकोळ काम. सूत्र एकसमान वाहणाऱ्या काळात उत्तर देतं, घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी बांधलेलं. दोन्हींत सध्या सुमारे ६९ सेकंदांचा फरक, तो वजा केला. फलक मिनिटापर्यंतच वेळ दाखवणार.

७ सप्टेंबर

आज खग्रास चंद्रग्रहण. चाचणीसाठी याहून चांगला दिवस नाही, कारण सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आल्याचं आकाशच सांगतं. फलकाने पौर्णिमा सांगितली १८:०९. ग्रहणमध्य मात्र १८:१२ ला. तीन मिनिटांचा फरक ताईला खटकला. "एका रेषेत येतात तेव्हाच ग्रहण ना? मग दोन वेळा कशा?"

फरक गणितातला नाही, व्याख्येतला आहे. पौर्णिमेचा क्षण फक्त भोग पाहतो, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या दिशेने मोजलेलं अंतर. चंद्र त्या वृत्ताच्या वर आहे की खाली, याची त्याला फिकीर नाही. ग्रहणमध्य म्हणजे चंद्र सावलीच्या केंद्राला सर्वांत जवळ येतो तो क्षण. चंद्राची वाट क्रांतिवृत्ताशी पाच अंशांनी कललेली, म्हणून सर्वांत जवळचा बिंदू भोगाच्या बरोबर समोर न येता जरा पुढे किंवा मागे पडतो. आज चंद्र क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेला होता आणि आरोही पात, म्हणजे राहू, त्याच्या पुढ्यात होता. चंद्र अजून वर चढत होता, म्हणून पौर्णिमा होऊन गेल्यावरही तो सावलीच्या मध्याकडे सरकत राहिला.

पात मागे पडल्यावर ग्रहण झालं तर क्रम उलटा हवा: आधी ग्रहणमध्य, मग पौर्णिमा. ३ मार्च २०२६ ला खग्रास ग्रहण आहे, तेव्हा चंद्र केतू (समोरचा, अवरोही पात) ओलांडून आलेला असेल. चाचण्यांच्या यादीत टाकलं.

आणखी एक गोष्ट आज नीट डोक्यात बसली. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र खरोखर सरळ रेषेत आले तर चंद्र पृथ्वीच्या सावलीत जातो. पृथ्वीवरून शंभर टक्के उजळलेला चंद्र पाहायचा तर पाहणाऱ्याने सूर्य आणि चंद्र यांच्या बरोबर मधोमध हवं, आणि मधोमध उभं राहिलं की आपलीच पृथ्वी उजेड अडवते. सावलीच्या विरळ कडेलाही न शिवता चंद्र प्रतियुतीच्या, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोरच्या बिंदूच्या, दीड अंशापर्यंतच जवळ येऊ शकतो. तेव्हा जो "पूर्ण" चंद्र आपण पाहतो तो नेहमी तसूभर अपुरा असतो. त्या तसूभराची किंमत गणितात कमीत कमी ०.०२ टक्क्यांच्या आसपास.

१४ सप्टेंबर

ओळीसाठी दुसरा पर्याय तपासला: उजळलेल्या भागाची टक्केवारी दाखवायची आणि ती शंभर झाली की पौर्णिमा म्हणायचं. कित्येक अ‍ॅप हेच करतात आणि ओळीने दोन-तीन दिवस शंभर टक्के दाखवत बसतात.

कारण साधं आहे. टक्केवारी कोनाच्या कोज्येवर (कोसाइनवर) चालते आणि शेवटाजवळ कोज्या जवळजवळ सपाट असते. चंद्र १२ अंश अलीकडे, म्हणजे साधारण एक दिवस आधी, ९८.९ टक्के उजळलेला असतो. पाच अंशांवर ९९.८. पूर्णांकात दाखवायचं ठरवलं तर शंभराचा मुक्काम सव्वा दिवसाच्या आसपास पडतो.

चित्रातही तीच कथा. माझी चकती २०० पिक्सेल व्यासाची. एक दिवस आधीच्या चंद्राची न उजळलेली कडा तिच्यावर दोन पिक्सेल भरते, तीही सर्वांत रुंद जागी. पाच अंशांवर अर्धा पिक्सेलसुद्धा नाही. डोळ्याचीही जवळपास हीच गत, त्यामुळे पडद्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कोन १२ अंशांच्या आत आला की सरळ पूर्ण गोल काढायचा, असं ठरवलं. टक्केवारी बाद.

६ ऑक्टोबर

उद्या ०३:४७ ला पूर्ण चंद्र. मी आहे त्या रेखांशावर तेव्हा सकाळ झालेली असेल आणि चंद्र मावळलेला. मग पौर्णिमेची रात्र कोणती, आजची की उद्याची? मध्यरात्रीपासून मोजलं तर क्षण सव्वानऊ तास पुढे. उद्या चंद्र उगवून जरा वर आला की क्षण तितकाच मागे पडलेला. दोन्ही रात्रींचा हक्क सारखा. तिथीच्या बाजूने बोलायचं तर आजची रात्र, कारण तिथी आज सुरू होऊन उद्या सकाळी संपते. अवघी २१ तासांची तिथी. चंद्र उपभूकडे, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूकडे, निघालाय, घाईत आहे.

रात्री दुर्बीण लावली. पूर्ण चंद्र दुर्बिणीतून पाहायला निरस असतो असं म्हणतात आणि विवरांपुरतं ते खरंही आहे. पौर्णिमा म्हणजे चंद्राच्या या अंगाची भर दुपार. सूर्य तिथल्या माथ्यावर, सावल्या पायाखाली दडलेल्या. सप्तमी-अष्टमीला खोल दिसणारी विवरं आज पुसल्यासारखी. पण दुपारच्या उजेडात दुसरंच काही वर येतं: टायकोचे पट्टे. ८५ किलोमीटरचं ते विवर चंद्राच्या मानाने कोवळं, सुमारे १०.८ कोटी वर्षांचं. आघाताने उडालेला फिका माल शेकडो किलोमीटर लांब पसरलेला आहे. अर्ध्या चंद्रावर हे पट्टे जेमतेम कळतात, आज सगळ्या चकतीवर त्यांचंच राज्य होतं. कोपर्निकस आणि केप्लरभोवतीही तसेच डाग.

पश्चिम कडेकडे ग्रिमाल्डी विवराचा गडद तळ शोधला. त्याच्याही बाहेर, अगदी कडेवर, गोलाई किंचित दातेरी. उजेड अजून शेवटच्या डोंगरांपर्यंत पोचायचा होता. पूर्वेची कड मात्र गुळगुळीत.

७ ऑक्टोबर

आज उलट. पश्चिम कड स्वच्छ, आणि मारे क्रिसियम या गडद मैदानाच्या पलीकडची पूर्व कड खरबरीत व्हायला लागलेली. उगवत्या चंद्रात ती वरच्या अंगाला येते, त्यामुळे शोधावी लागली नाही. नुसत्या डोळ्यांनी काल आणि आज यांत फरक सांगता येणार नाही. दुर्बिणीतून कोणती कड दातेरी आहे ते पाहिलं की क्षण होऊन गेला की व्हायचाय हे कळतं. यापेक्षा साधी चाचणी मला माहीत नाही, आणि तिला गणित लागत नाही.

१९ ऑक्टोबर

ताईचा प्रश्न: अर्ध्या चंद्राचा उजेड पूर्ण चंद्राच्या निम्मा धरून पडद्याची छटा ठरवू का? ई-पेपरला राखाडीच्या मोजक्या छटा असतात, त्या वाटून घ्यायच्या होत्या.

निम्मा नाही, दहाव्या हिश्श्याच्या आसपास. चंद्राचा पृष्ठभाग बारीक धुळीचा आणि खडबडीत. सूर्य बाजूने आला की प्रत्येक कण, प्रत्येक खडा दुसऱ्यावर सावली टाकतो आणि त्या सगळ्या सावल्या आपल्याला दिसतात. सूर्य बरोबर आपल्या पाठीमागे असेल तर प्रत्येक सावली आपापल्या कणाच्या आड लपते. शिवाय धुळीतून परतणारा प्रकाश आलेल्या दिशेनेच जास्त जोराने मागे फिरतो. दोन्ही मिळून पूर्ण चंद्र अचानक उजळतो. १९९४ मध्ये क्लेमेंटाइन यानाने चंद्राभोवती फिरताना हे मोजलं: सूर्य-चंद्र-यान हा कोन चार अंशांवरून शून्यावर येईपर्यंत उजेड चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतो. यानाला शून्य अंश मिळतो, कारण त्याच्यामागे पृथ्वीएवढी सावली नसते. आपल्याला दीड अंशावर थांबावं लागतं.

म्हणजे गोलाई दोन-तीन रात्री सारखी दिसली तरी उजेड सारखा नसतो. "पूर्ण" या शब्दाला डोळ्याने पकडता येईल असा काही आधार असेल तर तो इथे आहे, आकारात नाही.

एवढं सगळं होऊन चंद्र काळाच. पडलेल्या प्रकाशातला १२ टक्के परत देतो, झिजलेल्या डांबरी रस्त्याइतका. रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर तो पांढरा वाटतो, इतकंच. पूर्ण चंद्राचा प्रकाश जमिनीवर जास्तीत जास्त पाव ते तीन दशांश लक्स.

फोटो काढणाऱ्यांना हे उलट्या बाजूने माहीत असतं. पूर्ण चंद्रासाठी छिद्र एफ/११ आणि शटर आयएसओच्या व्यस्त: आयएसओ १०० असेल तर शंभरांश सेकंद. दिवसाउजेडी काढतात जवळपास तसाच. विषय उन्हातलाच आहे ना.

छटांचं ताईला कळवलं: एकसारख्या पायऱ्या नकोत, शेवटच्या पायऱ्या उंच हव्यात.

५ नोव्हेंबर

पूर्ण चंद्र १३:१९. अंतर सुमारे ३,५७,००० किलोमीटर, उपभूच्या काही तास आधी. त्यामुळे सगळीकडे "सुपरमून". पूर्ण चंद्र उपभूच्या नव्वद टक्के जवळ आला की सुपरमून, ही व्याख्या खगोलशास्त्रातली नाही. रिचर्ड नोल या ज्योतिषाने १९७९ मध्ये ती मांडली आणि नव्वद टक्क्यांची सीमा का, याला भौतिक कारण काही नाही. फलकावर तो शब्द येणार नाही.

अंतराचा परिणाम मात्र खरा. १३ एप्रिल २०२५ चा पूर्ण चंद्र ४,०६,००० किलोमीटरवर होता. तेव्हाचा कोनीय व्यास २९.४ कलांचा (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आजचा ३३.५. दोन फोटो एकाच भिंगाचे शेजारी ठेवले की फरक ढळढळीत दिसतो. आकाशात शेजारी ठेवायला दुसरा चंद्र नसतो, म्हणून एकट्याला पाहून कुणालाच सांगता येत नाही. क्षितिजावरचा चंद्र मोठा वाटतो तो मेंदूचा खेळ. मोजला तर तो उलट दीड-दोन टक्के लहान भरतो, कारण डोक्यावरच्या चंद्रापेक्षा तो आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या एका त्रिज्येने लांब असतो.

मागच्या पौर्णिमेपासून २९ दिवस ९ तास ३२ मिनिटं. पुढच्या वर्षी १ मे ते ३१ मे हे अंतर २९ दिवस १५ तास २२ मिनिटं निघतंय. सरासरी या दोघांच्या मध्ये कुठेतरी आणि प्रत्यक्षात तिच्यावर बरोबर कुणी बसत नाही.

१६ नोव्हेंबर

ओळीचा निकाल लावायला बसलो. ४ डिसेंबरची पौर्णिमा नमुना म्हणून घेतली: २३:१४. न्यूयॉर्कच्या घड्याळात ४ डिसेंबरची संध्याकाळ, १८:१४. भारतीय वेळेत ५ डिसेंबरची पहाट, ०४:४४. फलकाने भारतात "५ डिसेंबर" एवढंच छापलं तर माणूस ५ तारखेला संध्याकाळी बाहेर येऊन पाहील. आणि त्याला पाहायची असते ती रात्र तर ४ तारखेला संध्याकाळी सुरू झालेली.

तारीख मध्यरात्री बदलते, रात्र मध्येच बदलत नाही. त्यामुळे एकटी तारीख बाद. हा माझ्या दृष्टीने या प्रकल्पातला सर्वांत कामाचा निष्कर्ष, आणि त्यात खगोलशास्त्र जवळजवळ नाहीच.

ठरलं ते असं. ओळीत दोन भाग: "४-५ डिसें. ची रात्र" आणि पुढे क्षणाची वेळ. कोणती रात्र ते ठरवायला चंद्र क्षितिजावर असतानाचा तो काळ घ्यायचा, जो क्षणाच्या सर्वांत जवळ आहे. ऑक्टोबरसारखी बरोबरी झाली तर दोन्ही रात्री छापायच्या. ताईला हे पटलं नाही. "बघणाऱ्याला एक उत्तर दे, आज आहे की नाही?" म्हणाली. ऑक्टोबरच्या दोन रात्रींचे फोटो तिच्यापुढे ठेवले आणि कोणता पौर्णिमेचा ते विचारलं. मग जागा वाढवून द्यायला तयार झाली.

तिथी हवी असणाऱ्यासाठी बटण: दाबलं की पौर्णिमा तिथीची सुरुवात आणि शेवट. गणित तेच, १८० च्या जागी १६८ घालून पुन्हा चालवायचं.

४ डिसेंबर

आजची पौर्णिमा वर्षातल्या सर्वांत "अपुऱ्या" पौर्णिमांपैकी. चंद्र पातापासून ९० अंशांवर, म्हणजे क्रांतिवृत्तापासून जास्तीत जास्त लांब, सुमारे पाच अंश उत्तरेला. ऐन क्षणीही ९९.८ टक्के. शंभराची वाट पाहणारा फलक आज जन्मभर थांबला असता.

उत्तरेला असण्याचा आणखी एक परिणाम. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून त्याच्या समोरचा पूर्ण चंद्र उत्तरेला, उन्हाळी सूर्याच्या वाटेने जातो. जूनमध्ये नेमकं उलट. आज त्यात कक्षेच्या कलाचे पाच अंश मिळाले आणि क्रांती, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासूनचं अंतर, २७ अंशांच्या आसपास पोचली. सूर्य साडेतेवीसच्या पुढे कधीच जात नाही. हे कल जुळून येणं १८.६ वर्षांच्या फेऱ्यातलं, २०२४-२५ त्याचा कळस.

२१ डिसेंबर

"ब्लू मून" दाखवायचा का, असं ताईने विचारलं. एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, ही व्याख्या १९४६ च्या एका अमेरिकी मासिकातल्या लेखात जुन्या पंचांगाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे जन्माला आली. त्याआधीच्या वापरात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ते नाव होतं. रंगाशी संबंध कशाचाच नाही. दाखवणार नाही.

चाचणी म्हणून मात्र ती उपयोगी आहे. २०१८ घातलं: जानेवारीत दोन, मार्चमध्ये दोन, फेब्रुवारीत एकही नाही. फेब्रुवारीलाच हे जमतं. ३१ जानेवारीची वेळ १३:२७. सिडनीची उन्हाळी वेळ अकरा तास पुढे, तिथे तीच पौर्णिमा १ फेब्रुवारीला रात्री १२:२७ वाजता. म्हणजे तिथल्या फेब्रुवारीत एक पौर्णिमा होती आणि त्यांच्या जानेवारीत "ब्लू मून" झालाच नाही. महिन्याच्या रेघांवर बेतलेली व्याख्या अशी ठिकाणागणिक फुटते. मे २०२६ मध्ये १ आणि ३१ तारखेला येणाऱ्या पौर्णिमा कुठल्याही कालविभागात मे मध्येच पडतात. तेही तपासलं.

३ जानेवारी २०२६

पूर्ण चंद्र १०:०३. १९ वर्षांमागे, २००७ मध्येही पौर्णिमा ३ जानेवारीलाच होती, चार तास उशिरा. २३५ चांद्रमास आणि १९ सौरवर्षं यांत सरासरी दोनच तासांचा फरक, म्हणून तारखा परत येतात. फलकाने २००७ चं उत्तरही बरोबर दिलं. गणिताची चाचणी इथे बंद करतो.

पेटी आली. कडेचं फटीतून दिसणारं टेप सोडलं तर सुबक.

३ मार्च

ग्रहणमध्य ११:३४, पूर्ण चंद्र ११:३८. सप्टेंबरात लिहिलं होतं तसा क्रम उलटा झाला: केतू मागे पडलेला, चंद्र सावलीच्या मध्यापासून दूर निघालेला आणि पौर्णिमा अजून व्हायची. चंद्र लालसर झालेला असताना फलक "४ मिनिटं बाकी" दाखवत होता. ताईने त्याचा फोटो काढून ठेवलाय.

उरलेलं: दक्षिण गोलार्धासाठी चित्र उलटं करायचा पर्याय. ध्रुवाजवळ चंद्र दिवसचे दिवस मावळत नाही किंवा उगवत नाही, तिथे "कोणती रात्र" हा प्रश्नच कोलमडतो. अशा अक्षांशांवर ओळीत फक्त क्षण छापायचा. बॅटरीचा हिशेब ताई करतेय.